पडल्यापासून आजी खोलीबाहेर येत नाहीत, काय करावं?

८४ वर्षांच्या आजी ‘मी आता ओझं झाले’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी ‘तुम्ही फक्त आराम करा’ हे म्हणणं थांबवा. त्यात माया असते, पण माणूस घरातून बाद होतो. मेथी निवडणं, वाती वळणं, लोणच्यात मीठ किती ते ठरवणं, असं खरं काम द्या. आणि मागून गुपचूप दुरुस्त करत बसू नका, त्यांना कळतं!

पुन्हा पडायची भीती हेही कोंडून घेण्याचं मोठं कारण असतं. संडासात धरायला दांडा, रात्री दिवा, फिजिओथेरपिस्टसोबत चालण्याचा सराव, एवढ्यानेही धीर येतो. कान तपासा, ऐकू येईनासं झालं की माणूस गप्प होतो आणि आपण त्याला हेकट ठरवतो. रक्तात थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व बघून घ्या.

उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली, जेवण-झोप बिघडली, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. नैराश्यावर या वयातही उपचार होतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा सुरू झाली असेल तर आजच डॉक्टर गाठा.