हिडकलला गळ टाकायचा तर तंगूस किती पौंडाचा?

गड्या, दुकानात गेल्या गेल्या सगळ्यात जाड तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मागू नकोस. घटप्रभेवरच्या हिडकल धरणात रोहू-कटल्यासाठी बसणार असशील, तर मुख्य दोरी १५ पौंडांची, म्हणजे साधारण ७ किलो ताणाची, पुरते. लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा, त्याहून हलका घे, १० ते १२ पौंडांचा. तळाला गळ अडकला तर तेवढाच तुटतो, रिळावरची दोरी वाचते. पाण्यात सुटलेली लांब दोरी बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या पायांत गुंतते, ते बघवत नाही रे.

मरळीचं गणित उलटं. ती पाणवनस्पतींत दबा धरून बसते, दात धारदार, आणि गळ लागला की सरळ गवतात घुसते. तिथे विणलेली दोरी ३० पौंडांची आणि पुढे ४० पौंडांचा जाड तंगूस लीडर म्हणून. विणलेली दोरी ताणत नाही, झटका लगेच पोचतो. दगडावर घासली मात्र की गेलीच.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी आवरून सोडणारा रिळाचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेव. १५ पौंडांना साधारण २ किलो, स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढून बघ, अंदाजावर जाऊ नकोस.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कर. कोरडी आवळलीस तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. प्रत्येक माशानंतर गळापासून हातभर लीडर नखावरून ओढ. खरखर लागली तर तेवढा तुकडा काप आणि गाठ नव्याने मार.