आधीच्या नगराध्यक्षांवर ‘दोन शब्द’ कसे लिहायचे? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते आणि ही चारच घेते.

प्रश्न : ताई, मी शाळेत मराठी शिकवते आणि गेली दोन वर्षं आमच्या नगराध्यक्षांचं महिन्याचं पत्रक लिहून द्यायचं काम माझ्याकडे आहे. चार पानं असतात, कचऱ्याच्या गाडीची वेळ, घरपट्टीची मुदत, जत्रा, चर्चचं फेस्त, कुठल्या मुलाने बक्षीस मिळवलं असं सगळं. मागच्या महिन्यात आधीचे नगराध्यक्ष वारले. साहेब म्हणाले, "बाय, त्यांच्यावर दोन चांगले शब्द लिही." मी लिहिलं, ‘एक अजातशत्रू व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड गेले, त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ साहेबांना आवडलं, पण वाचताना मलाच काही वाटत नाहीय. मी लहान असताना ते मे महिन्यात पहाटे आमच्या वाड्यावर यायचे, हातात लोखंडी आकडा असायचा, गटारावरची लादी स्वतः उचलून आत टॉर्च मारून बघायचे, ते आठवतं. पण गटाराचं श्रद्धांजलीत लिहिलेलं बरं दिसेल का?
(एक शिक्षिका, उत्तर गोवा)

उत्तर : बाय, दिसेल, आणि तेच पहिल्या ओळीत लिहा. ‘अजातशत्रू’ आणि ‘पोकळी’ दोन्ही काढून टाका.

मी बरीच वर्षं पालिकांच्या बैठका कव्हर केल्या. एकदा एका पालिकेत शोकप्रस्ताव वाचला गेला, सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता झाली, आणि रात्री बातमी लिहायला बसले तर शब्द ओळखीचे वाटले म्हणून जुनी वही काढली. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका नगरसेवकासाठी तोच मजकूर वाचला होता, फक्त नाव बदललेलं. मला त्या माणसासाठी फार वाईट वाटलं हो. कारण त्याच दिवशी सकाळी मासळी बाजारात एक बाई मला म्हणाली होती, "पावसात आमच्या टोपल्या भिजायच्या, डोक्यावर पत्रे त्याने घालून दिले, मेला तेव्हा आम्ही अर्धा दिवस बसलो नाही विकायला." बाजारातल्या बायका अर्धा दिवसाचं मासे विकणं सोडतात म्हणजे काय ते बाजार माहीत असलेल्याला वेगळं सांगायला नको. सभागृहात मात्र पत्र्यांचा एका शब्दाने उल्लेख नाही.

तुमच्याकडे तर लोखंडी आकडा आहे. आपल्याकडे गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे मे महिन्यात गटार साफ झालं नाही तर जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानात पाणी शिरणार हे ठरलेलं. नगराध्यक्षाची वर्षातली खरी परीक्षा तीच असते. त्या माणसाने कंत्राटदाराच्या बिलावर सही करण्याआधी लादी उचलून बघितली, ही त्याची सगळ्यात मोठी ओळख आहे, आणि ती तुम्ही पत्राच्या शेवटी लाजत लाजत लिहिलीत.

आता थोडं फिरा. घरच्यांकडे जा, पण तिथेच थांबू नका, दुःखात असलेल्या घराला सगळं नीट आठवत नाही आणि आपणही फार विचारू नये. त्यांच्या वेळचा पालिकेतला शिपाई, निवृत्त झालेले सफाई कामगार, बाजारातली फुलवाली, रिक्षा स्टँडवरचे म्हातारे ड्रायव्हर, यांना एकच प्रश्न विचारा, "त्यांनी तुमचं कुठलं काम केलं?" ‘कसे होते’ असं विचाराल तर ‘खूप चांगले होते’ एवढंच ऐकू येईल. काम विचाराल तर तारीख, जागा, भांडण, सगळं बाहेर येतं.

दुसरं म्हणजे श्रेय तपासून द्या. गोव्यात नळाचं पाणी आणि वीज ही सरकारी खात्यांची कामं आहेत, पालिकेची नाहीत. त्यामुळे ‘त्यांनी शहराला पाणी दिलं’ असं लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच थांबेल. ते पाण्याच्या टाकीसाठी दहा वेळा पणजीला खेटे घालून आले असतील तर तसं लिहा, ते खरंही आहे आणि जास्त मोठंही वाटतं. गटार, कचरा, बाजार, बाग, रस्त्यावरचे परवाने, जन्ममृत्यूची नोंद ही पालिकेची रोजची कामं, त्यात त्यांनी काय केलं ते जुन्या इतिवृत्तांत सापडेल. पालिकेच्या ऑफिसात बैठकांच्या इतिवृत्ताच्या वह्या असतात, तिथे ठराव कुणी मांडला आणि अनुमोदन कुणी दिलं हे नावानिशी लिहिलेलं असतं. एक दुपार द्या त्याला.

आणि जागा. तुम्ही बहुतेक शेवटच्या पानावर काळी चौकट करून फोटो टाकणार असाल, सगळेच करतात. माझं ऐका, पहिल्या पानावर घ्या आणि शेजारीच या वर्षीच्या गटारसफाईची बातमी लावा, कुठल्या वॉर्डात काम झालं, कुठे बाकी आहे, तक्रार कुणाकडे करायची. त्यांनी जे काम हातात धरलं होतं ते आज कुठपर्यंत आलंय हे लोकांना एका नजरेत दिसेल. नगराध्यक्षाच्या पत्रकात श्रद्धांजली आणि बातमी वेगळी ठेवायचं कारणच काय, तो माणूस आयुष्यभर त्या बातम्यांतच होता की.

सुरुवात साधारण अशी करता येईल, बाकी तुमच्या शब्दांत : ‘मे महिन्यात पहाटे ते आमच्या वाड्यावर यायचे. हातात लोखंडी आकडा आणि टॉर्च. गटारावरची लादी स्वतः उचलायचे, आत बघायचे, मगच पुढच्या वाड्यावर जायचे. आपले माजी नगराध्यक्ष गेल्या महिन्यात गेले. या वर्षी लाद्या उचलायची पाळी आपली आहे.’ शेवटचं वाक्य साहेबांनी सही करण्याआधी नीट विचार करून ठेवावं, कारण लोक जूनमध्ये आठवण करून देतील.

प्रश्न : आमच्या इथे बॅनरवर ‘माजी महापौर’ लिहिलंय, काहीजण म्हणतात चूक आहे. बरोबर काय?
(एक वाचक, दक्षिण गोवा)

उत्तर : तुमच्याकडे ‘माजी नगराध्यक्ष’च बरोबर. गोव्यात महापौर फक्त पणजीला आहे, कारण महानगरपालिका तेवढीच एक, २००२ च्या वेगळ्या कायद्याने झालेली, ३० नगरसेवकांची. म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा, डिचोली, काणकोण वगैरे बाकीच्या १३ पालिका १९६८ च्या पालिका कायद्याखाली येतात आणि तिथे नगराध्यक्ष असतो. दोन्हीकडे लोक थेट निवडत नाहीत, निवडून आलेले नगरसेवक आपल्यातून निवडतात. म्हणून श्रद्धांजलीत ‘अमुक साल ते तमुक साल’ लिहिताना नगरसेवक म्हणून किती वर्षं आणि अध्यक्ष म्हणून किती, हे वेगवेगळं लिहा. बॅनरवाल्याला सांगून दुसरा प्रिंट काढून घ्या, गेलेल्या माणसाचं पद चुकीचं लिहिलेलं बरं नाही.

प्रश्न : आमचे सध्याचे नगराध्यक्ष ज्यांच्या जागी आले त्यांच्यावर यांनीच अविश्वास ठराव आणला होता. नंतर दोघं बोलतही नव्हते. आता ते वारले आणि पत्रकात यांच्या नावाने श्रद्धांजली जाणार आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे. काहीच झालं नव्हतं असं लिहायचं का? मी त्यांचा स्वीय सहायक आहे, मला फार अवघड झालंय.
(नाव छापू नये)

उत्तर : भाऊ, तुमची अडचण कळते. आपल्या पालिकांत अविश्वास ठराव काही नवीन नाहीत, पाच वर्षांच्या एकाच मुदतीत दोन-तीन नगराध्यक्ष बदलले असंही होतं, त्यामुळे आधीचा आणि आत्ताचा यांच्यात तेढ असणं हे नेहमीचंच. पण गावाला माहीत असलेली गोष्ट लपवलीत तर त्या पानावरचं बाकी खरंही लोक खोटं धरतील.

एका वाक्यात लिहा आणि पुढे जा. ‘आमचे मतभेद झाले, ते सभागृहात झाले आणि सगळ्यांनी पाहिले.’ बस. कारण सांगू नका, कोण बरोबर होतं ते तर अजिबात नको, समोरचा आता उत्तर द्यायला नाहीय. त्यानंतर त्यांचं एक असं काम लिहा जे तुमच्या साहेबांनी पुढे चालू ठेवलंय, मोडलं नाही. असं काम नक्की असेल, बघा शोधून. साहेबांना विचारा, खुर्चीवर बसल्यावर पहिल्या महिन्यात त्यांच्या कुठल्या फाइलचा उपयोग झाला? या प्रश्नावर ते थोडा वेळ गप्प बसतील, बसू दे.

आपल्यापुढे मोठं उदाहरण आहेच की. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, एका बाजूला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, महाराष्ट्रात विलीनीकरण हवं म्हणणारे, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा, गोवा वेगळा राहू दे म्हणणारे. १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याला, १,३८,१७० विलीनीकरणाला, ३४,०२१ चा फरक. घराघरात भांडणं लागली होती तेव्हा, माझ्या आजोळी दोन मामा कितीतरी दिवस एका पंगतीला बसले नाहीत. आणि तरी भाऊसाहेब १९७३ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा ज्यांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं त्यांच्याही घरातली मुलं त्यांनी काढलेल्या शाळांत शिकत होती. आज पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भाऊसाहेबांची समाधी आहे, आणि डॉ. सिक्वेरांच्या नावाचा रस्ताही आपल्या राजधानीतच आहे. कौल लपवून यांच्यातल्या कुणाहीबद्दल लिहिता येईल का? नाही येणार. तुमच्या गावातला ठराव त्यापुढे फारच लहान आहे, लिहून टाका.

एक मात्र बघा, साहेबांना खरोखरच लिहायचं नसेल, मनात राग अजून असेल, तर त्यांच्या नावाने गोड गोड लिहून देऊ नका. पालिकेच्या वतीने साधी निवेदनवजा बातमी द्या, जन्म, पद, कामं, शोकसभेची वेळ. ते जास्त आदराचं होईल.

प्रश्न : आमच्या दिवंगत नगराध्यक्षांचं नाव बाजाराच्या रस्त्याला द्यावं असं आम्हा मित्रमंडळींना वाटतं. पत्रकात तशी मागणी छापावी का? आणि ते ख्रिश्चन होते, मग मराठीत ‘कैलासवासी’ लिहायचं की काय?
(एक वाचक, बार्देश)

उत्तर : आधी दुसरं सांगते. ‘कैलासवासी’ नको, ‘दिवंगत’ लिहा, ते सगळ्यांना चालतं, हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान. आणि शोकसभेची तारीख ठरवण्याआधी घरी फोन करा, सातव्या दिवसाची मीस (चर्चमधली प्रार्थना) किंवा महिन्याची मीस त्याच संध्याकाळी नाही ना ते विचारा. हिंदू घर असेल तर बाराव्या-तेराव्याचं विचारा. एवढं साधं, तरी बऱ्याचदा राहून जातं, आणि मग घरचे लोक शोकसभेला येऊच शकत नाहीत.

रस्त्याचं. मागणी पत्रकात छापण्याआधी तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला लेखी अर्ज द्या, पालिका मंडळाच्या बैठकीत ठराव झाल्याशिवाय पाटी लागत नाही. बाजाराच्या रस्त्याला आधीच काही नाव आहे का तेही पाहा, जुनं नाव पुसून नवं घालायला मी कधीच सांगणार नाही, त्या नावामागेही कुणीतरी आहे.

शिवाय नुसत्या नावाने माणूस लक्षात राहतो असं नाही. पणजीतला १८ जून रस्ता घ्या, रोज हजारो लोक तिथे खरेदी करतात, त्यातल्या किती जणांना माहीत आहे की १८ जून १९४६ ला मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली होती, त्या दिवसाचं ते नाव आहे? मी एकदा माझ्या भाचीला तिथे उभं करून विचारलं, कॉलेजात शिकणारी मुलगी, तिला वाटलं रस्त्याचं उद्घाटन झालं तो दिवस असेल. तिची चूक नाही, पाटीवर कुठे लिहिलंय?

म्हणून नाव द्यायचंच तर पाटीखाली दोन ओळी मागून घ्या, ठरावातच मजकूर घाला म्हणजे नंतर कुणी गाळणार नाही. ‘अमुक सालापासून अमुक सालापर्यंत नगराध्यक्ष. या बाजाराचं छप्पर त्यांच्या काळात झालं.’ अशा. देवनागरीतही आणि रोमी (रोमन) लिपीतही, बाजारात दोन्ही वाचणारे येतात. छप्पर त्यांच्याच काळात झालं ना, हे मात्र आधी इतिवृत्तात बघून घ्या, आणि साल दोनदा तपासा, दगडात कोरलेली चूक काढायला परत पालिकेचाच ठराव लागतो.