२४ व्या वर्षी हेअर ट्रान्सप्लांट? अजून वर्षभर तरी थांबा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं वर आलं. वय २४, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, भांग रुंदावलाय, तीन महिन्यांपूर्वी टायफॉइड झालेला, आणि क्लिनिकवाले म्हणतायत, 'आत्ताच करून घ्या, नंतर उशीर होईल.' हे शेवटचं वाक्य मीही ऐकलंय, साधारण याच वयात. मी डॉक्टर नाही, करून बसलेला माणूस आहे. एफयूई-एफयूटी या केस काढायच्या दोन पद्धतींतला फरक वगैरे तुम्ही वाचलाच असेल, ते सोडतो.

आधी टायफॉइडचं. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि बहुतेकांचं ते काही महिन्यांत आपोआप थांबतं. म्हणजे आज दिसणाऱ्या विरळपणात तापाचा वाटा किती आणि अनुवंशाचा किती, हेच आधी ठरायचंय. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाने, टाळू बघतात. जाड केसांच्या मध्येमध्ये बारीक, लव्हेसारखे झालेले केस बरेच दिसले तर अनुवंशाकडे बोट जातं. तापाच्या गळतीत जाडीचा असा फरक सहसा नसतो. सोबत थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या.

आता माझ्या क्लिनिकचं. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, 'काउन्सेलर' भेटला. त्याने पांढऱ्या पेन्सिलीने भुवयांच्या वर जेमतेम तीन बोटांवर सरळ रेघ ओढली, कोपरे बुजवले आणि हातात आरसा दिला. शाळकरी पोरासारखा दिसत होतो. कोणाला आवडणार नाही? पण मागचे केस बाजूला करून कुणी पाहिलं नाही, वडिलांना किंवा मामांना टक्कल आहे का हेही विचारलं नाही. औषधाचा विषय मी काढला, तर म्हणे, 'ती आयुष्यभर घ्यावी लागतात, हे एकदाच.'

हे 'एकदाच' मला सगळ्यात महागात पडलं. डोक्यामागच्या केसांवर डीएचटीचा (टक्कल पाडणाऱ्या हार्मोनचा) फारसा परिणाम होत नाही, म्हणून ते पुढे लावले तरी टिकतात. पण त्यांच्या शेजारचे मूळचे केस जायचे ते जातातच. माझी पुढची रेघ आजही शाबूत आहे, तिच्यामागे मोकळी टाळू. समोरून फोटो झकास येतो, वरून बघवत नाही. आणि मागचा साठा म्हणजे ठेव आहे, मोडली की परत भरत नाही. माझी बहुतेक त्या खालच्या रेघेतच खर्ची पडली. आता मधल्या भागाला द्यायला मागे फारसं उरलेलं नाही, आणि केस बारीक कापले की काढलेल्या जागी पांढरे ठिपके दिसतात. तक्रार घेऊन गेलो तर काउंटरवरून उत्तर आलं, 'लावलेले केस आहेत ना?' आहेत. त्यावर काय बोलणार!

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): किती केस गेले यावर ठरवू नका, जाणं थांबलंय का ते बघा. पंचविशीच्या आत पुढे टक्कल कुठवर जाईल याचा अंदाज बांधणं अवघड असतं, तिशीनंतर चित्र बरंच स्पष्ट होतं. तोवर डॉक्टरांना विचारून मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड या केसगळतीच्या औषधांपैकी जे झेपेल ते वर्षभर तरी नेमाने घ्या. सहा महिन्यांच्या आत निकाल लावू नका. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढू शकते, तेवढ्यावरून ते सोडू नका. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, त्या लाजून लपवू नका. दर महिन्याला त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचा, वरून एक फोटो काढत चला. मोरीतले केस मोजत बसू नका. दिवसाला ५० ते १०० सगळ्यांचेच जातात.

लग्न तोंडावर आलंय म्हणून घाई चालली असेल तर तेही ऐका: लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक गळून जातात, नवे तीन-चार महिन्यांनी डोकावतात आणि खरा निकाल दिसायला वर्ष जातं. मुहूर्ताला उपयोग शून्य.

वर्षभराने गळती थांबलेली दिसली आणि तरीही करावंसं वाटलं, तर खुशाल करा, मी ट्रान्सप्लांटच्या विरोधात नाही. फक्त ग्राफ्ट (मुळासकट काढायचे केसांचे पुंजके) डॉक्टर स्वतः काढणार की टेक्निशियन, आणि या वेळचे काढल्यावर मागे अंदाजे किती उरतील, हे दोन्ही लेखी मागा. टाळाटाळ झाली तर अ‍ॅडव्हान्स न देता उठा. 'ऑफर आजच संपतेय' म्हणतील. माझ्यावेळीही आजच संपत होती. डर्मोस्कोपीचा रिपोर्ट आला की इथेच लिहा, त्यात काय आलंय ते वाचायला आवडेल.