हार्डवेअर मिडी सीक्वेन्सरवर (नोट्स साठवून जोडलेल्या वाद्यांकडून वाजवून घेणारं यंत्र) दर वेळी नवा पॅटर्न शून्यातून लावावा लागतो. टेम्प्लेट कसं करायचं?

बऱ्याच मशीनवर ‘टेम्प्लेट’ नावाचं बटणच नसतं, त्यामुळे जुगाड करावा लागतो: एक रिकामा पॅटर्न नीट लावून ठेवायचा आणि दर वेळी त्याची कॉपी मारायची.

रिकामा म्हणजे फक्त नोट्स नाहीत. बाकी सगळं जागेवर हवं. ट्रॅकचं मिडी चॅनल, पोर्ट, लांबी, स्विंग, आणि नॉब्जना दिलेले सीसी, म्हणजे कंट्रोल चेंजचे क्रमांक (७ म्हणजे व्हॉल्यूम, ७४ बऱ्याच सिंथवर फिल्टर कटऑफ, म्हणजे आवाजाचा तीक्ष्णपणा). ड्रम चॅनल १० वर ठेवा, नोट क्रमांक असे: किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२. जनरल मिडी (कुठल्या क्रमांकावर कुठला आवाज हे ठरवणारं प्रमाण) पाळणाऱ्या कुठल्याही साउंड मॉड्यूलवर तोच पॅटर्न मग चालतो.

खरी गोची प्रोग्राम चेंजची, म्हणजे सिंथला कुठला आवाज निवडायचा ते सांगणाऱ्या मिडी संदेशाची. मिडीत आकडे ० ते १२७ जातात, पण काही सिंथ ते १ ते १२८ असे दाखवतात. सीक्वेन्सरवर १२ टाकलं आणि सिंथवर १३ दिसलं तर बिघाड शोधत बसू नका, मोजणीचाच फरक आहे. शिवाय टेम्प्लेटमध्ये प्रोग्राम चेंज चालू ठेवलात तर पॅटर्न बदलताच सिंथवर हाताने केलेले, सेव्ह न केलेले बदल उडतात. मी तो बंदच ठेवतो.

टेम्प्लेट बँकेच्या शेवटच्या जागी ठेवा. पहिल्या जागेवर चुकून ओव्हरराइट व्हायला वेळ लागत नाही. आणि सिसेक्स डंप (मशीनमधला डेटा मिडीवरून बाहेर पाठवणं) किंवा कार्डवर बॅकअप घ्याच.