अकाउंट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रश्न असा आहे: एका अनुवादित लेखात जाहिरात एजन्सीतल्या 'अकाउंट एक्झिक्युटिव्ह' बाईंना 'लेखा अधिकारी' म्हटलं आहे. पण लेखभर त्या क्लायंटच्या मीटिंगा करतात, कॉपीवर, म्हणजे जाहिरातीच्या मजकुरावर, वाद घालतात आणि शेवटी 'अकाउंट गेलं' म्हणून हळहळतात. हिशेबाच्या माणसाचा कॉपीशी काय संबंध? आणि या 'अकाउंट'ला मराठीत काय म्हणावं?

'लेखा अधिकारी' हे चूकच आहे. एजन्सीत अकाउंट म्हणजे एका जाहिरातदाराने, बहुधा एका ब्रँडपुरतं, एजन्सीकडे सोपवलेलं काम. ते सांभाळणारा माणूस क्लायंटकडून ब्रीफ, म्हणजे काय हवंय याचा तपशील, आणतो, कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टरला ते नीट समजावतो, तयार झालेलं काम क्लायंटपुढे मांडतो आणि 'लोगो अजून मोठा हवाय' हा निरोप घेऊन परत येतो. दोन्हीकडचं ऐकून घेण्याचं हे काम फार कसबाचं आहे. या विभागाला 'क्लायंट सर्व्हिसिंग' असंही म्हणतात. बिलं आणि पगार पाहणारा विभाग वेगळा, तो 'अकाउंट्स'. मराठीत बोलताना हा फरक किती सहज पाळला जातो पाहा: 'तो अकाउंट्समध्ये आहे' म्हणजे बिलं पाहतो आणि 'तो साबणाच्या अकाउंटवर आहे' म्हणजे जाहिराती करतो. एक 'स' आणि 'मध्ये'च्या जागी 'वर', एवढ्यावर अर्थ बदलतो. कोणत्याही शब्दकोशात नसलेला हा नियम एजन्सीत आलेला नवा माणूस आठवडाभरात उचलतो.

तरीही मुळात शब्द हिशेबाच्या वहीतलाच आहे. १८४०च्या दशकात फिलाडेल्फियात व्होल्नी पामर यांनी जे दुकान मांडलं, ते जाहिराती लिहिण्याचं नव्हतं. ते वर्तमानपत्रांतली जागा विकत आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांकडून कमिशन घेत. १८६५मध्ये जॉर्ज रॉवेल यांनी पुढचं पाऊल टाकलं. ते जागा घाऊक घेऊन किरकोळीने विकू लागले: शंभर वर्तमानपत्रांत महिनाभर एक इंच जागा, शंभर डॉलरला. कोणी किती जागा घेतली, किती पैसे आले, याची नोंद ज्या पानावर, ते त्या जाहिरातदाराचं खातं. पुढे १८७०च्या दशकात एन. डब्ल्यू. एअर या एजन्सीने जाहिरातदाराशी खुला करार करायला सुरुवात केली. जागेचा खरा भाव त्याला दाखवायचा आणि आपलं कमिशन वेगळं सांगायचं. एजंट वर्तमानपत्राचा होता, तो जाहिरातदाराचा झाला. मजकूर, चित्रं, बाजाराचा अभ्यास ही कामं हळूहळू त्याच खात्याला येऊन चिकटली. काम बदललं, वहीतलं नाव मात्र राहिलं.

कमिशन १५ टक्क्यांवर स्थिरावलं. शंभराची जागा, क्लायंटला बिल शंभराचं, वर्तमानपत्राला पंच्याऐंशी. एजन्सीच्या बिलांत १७.६५ टक्के हा विचित्र आकडा दिसतो तो इथूनच आला आहे: पंच्याऐंशीवर पंधरा म्हणजे १७.६५ टक्के. छपाई किंवा चित्रीकरण बाहेरून करून घेतलं की त्याच्या खर्चावर हाच आकडा चढवण्याची पद्धत पडली. म्हणून 'मोठं अकाउंट' म्हणजे पुष्कळ जागा विकत घेणारं अकाउंट, मग त्यातलं काम कितीही रटाळ असो. १९६०मध्ये नामवंत जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्ही यांनी शेल या तेल कंपनीचं अकाउंट कमिशनऐवजी ठरलेल्या फीवर घेतलं आणि ही सांगड सैल होऊ लागली.

तुमच्या लेखात 'अकाउंट प्लॅनर'ही आला असेल, तर त्याला 'लेखा नियोजक' करू नका. ही भूमिका १९६८च्या सुमारास लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन आणि बीएमपी या दोन एजन्सींत घडली. ग्राहक काय विचार करतो हे शोधून ते क्रिएटिव्ह टीमपर्यंत पोचवणारा हा माणूस. हल्ली या कामाला 'स्ट्रॅटेजी' म्हणतात, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

आता सध्याची स्थिती, कारण या शब्दाची आज खरी ओढाताण तिथेच चालली आहे. फी आली तशी टाइमशीट आली. कोणत्या अकाउंटवर किती तास गेले, हे आठवड्याच्या शेवटी भरायचं. म्हणजे खातं राहिलं, फक्त इंचांच्या जागी तास आले. त्यात एआय आलं. एका बॅनरचे वीस साइज करायला ज्युनिअरचा अख्खा दिवस जायचा, ते काम आता काही मिनिटांत होतं. तासावर पैसे घेणाऱ्याचं काम जितकं लवकर, तितकी त्याची कमाई कमी, म्हणून एजन्सीज आता तयार कामावर किंवा परिणामावर दर लावू पाहत आहेत. क्लायंट स्वतःच्याच कंपनीत स्टुडिओ उभे करत आहेत. वर्षानुवर्षांच्या अकाउंटऐवजी एकेक प्रोजेक्ट बाहेर देण्याकडे कल आहे. 'प्रोजेक्ट गेला' म्हणून कोणी हळहळत नाही. अकाउंट गेलं की त्यावरची माणसंही जातात, म्हणून त्या शब्दात एवढा जीव आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ती एक जुनी चाल, जी आता परत आली आहे. काही मोठे एजन्सी-समूह जाहिरातींची जागा स्वतःसाठी घाऊक विकत घेतात आणि क्लायंटला पुन्हा विकतात. करारात तशी मुभा असते, पण आपण ती कितीला घेतली हे सांगत नाहीत. हा सरळ रॉवेल यांचा धंदा झाला. अशा वेळी एजन्सीला क्लायंटची 'एजंट' म्हणणं मला पटत नाही. ती व्यापारी आहे आणि तसं स्पष्ट म्हणावं.

मराठी प्रतिशब्दाचं म्हणाल, तर 'खातं' अर्थाला अगदी जुळतं. शिवाय मराठीत खातं म्हणजे विभागही, त्यामुळे 'हे खातं माझ्याकडे आहे' या वाक्यात हिशेब आणि जबाबदारी दोन्ही येतात. पण धंद्यातली माणसं बोलताना 'अकाउंट'च म्हणतात, तेव्हा संवादात तोच शब्द ठेवा, नपुंसकलिंगी: अकाउंट आलं, अकाउंट गेलं. त्याच्या जागी सरसकट 'क्लायंट' घालू नका. साबण एका एजन्सीकडे, शाम्पू दुसरीकडे आणि मीडिया, म्हणजे जागा विकत घेण्याचं काम, तिसरीकडे असं वाटप नेहमीचं असल्यामुळे क्लायंट राहून अकाउंट जाऊ शकतं. सोशल मीडियाचा उल्लेख असेल तिथे मात्र जपून, कारण 'अकाउंट बंद झालं' म्हटल्यावर आजचा वाचक इन्स्टाग्रामचं प्रोफाइल समजेल. तिथे 'काम' म्हणा.

तुमच्या लेखातल्या बाईंपुरतं सांगायचं, तर पहिल्या उल्लेखात 'क्लायंटचं काम सांभाळणाऱ्या अकाउंट एक्झिक्युटिव्ह' एवढं लिहा, पुढे नुसतं 'अकाउंट एक्झिक्युटिव्ह' पुरेल. शेवटचं वाक्य 'अकाउंट गेलं' असंच राहू द्या.