मुलगा नववीत आहे, जरा मनाविरुद्ध झालं की कोसळतो. त्याला कणखर कसं करू?

दोन मार्क गेले तरी तो दोन दिवस धड जेवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच होतं. सहामाहीत बीजगणितात मार्क कमी पडले तेव्हा मी थेट शाळेत जाऊन बाईंशी हुज्जत घातली आणि दोन मार्क वाढवून आणले. लेक म्हणाला, "म्हणजे मला काहीच जमत नाही असं तुला वाटतं ना?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो ढोल पथकात गेला. नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव. बोटांना फोड, त्यावर चिकटपट्टी, टिपरू उशाशी. आणि मिरवणुकीच्या आठवडाभर आधी पथकातून सांगितलं, हात अजून बसला नाही, यंदा ध्वज धर. घरी आला तो चपला भिरकावूनच. पथकातल्या दादाचा नंबर माझ्याकडे होता. फोन दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला. रात्री अकराला मी भांडी घासत होते, तो शेजारी येऊन विसळायला लागला आणि आपणहून बोलला. मी फक्त "हं" म्हणत होते. (समोरासमोर बसवून "बोल, काय झालं" केलं की ही मुलं मिटतात, हा माझा अनुभव.) लक्ष्मी रोडवर त्याने ध्वज नाचवला. कुरकुरत, पण नाचवला.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशा वातावरणात वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही छान उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, मग ती आजी असो की शिक्षक. शिवाय घरात खरोखर गरजेचं असं एखादं काम त्यांच्याकडे असायचं. आमच्याकडे गिरणीतून दळण आणणं आता त्याचंच. विसरला तर त्या दिवशी भात.

झोपेवरून मात्र भांडू नका. या वयात झोपच उशिरा येते, आळस नव्हे तो. आठ ते दहा तास लागतात, आणि पहाटेचा क्लास नेमका त्यावरच येतो. आम्ही तो सोडला.

उदासी दोन आठवड्यांच्या पुढे गेली, मित्र तुटले किंवा मरणाची भाषा आली, तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.