स्वतःचे मत कुठून सुरू होते?

‘जे शेवटचे वाचावे तेच पटते, मग माझे स्वतःचे असे मत आहे तरी कोणते?’ तत्त्वज्ञानाकडे नव्याने वळलेली माणसे ही तक्रार थोड्या संकोचानेच मांडतात, कारण असली गोष्ट समुपदेशकाकडे न्यावी की नाही, याचीच त्यांना शंका असते. अवश्य न्यावी, असे समुपदेशक म्हणून मला वाटते. या तक्रारीमागे पुष्कळदा जगण्यातलाच एखादा प्रश्न अडून बसलेला असतो. पुढील हकिकतीतील व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिशीच्या आसपासच्या त्या बाई दोन वह्या घेऊन आल्या होत्या. एका वहीत वाचायच्या ग्रंथांची कालक्रमानुसार केलेली यादी होती आणि ती प्लेटोपासून विसाव्या शतकापर्यंत येत होती. दुसरीत उतारे होते. अक्षर नेटके, प्रत्येक उताऱ्याखाली ग्रंथाचे नाव, समासात बारीक अक्षरात ‘पटले’ असा शेरा. एकमेकांना छेद देणाऱ्या उताऱ्यांपुढेही तोच शेरा. त्यांचे स्वतःचे वाक्य मात्र त्या वहीत मला कुठेही आढळले नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७८१ सालच्या मुख्य ग्रंथापाशी त्या अडकल्या होत्या आणि आपली बुद्धीच कमी पडते, असा निष्कर्षही त्यांनी काढला होता. तो ग्रंथ समकालीन जाणकारांनाही इतका अवघड गेला होता की, त्याचे म्हणणे थोडक्यात मांडणारे दुसरे पुस्तक कांटला १७८३ मध्ये लिहावे लागले, हे मी त्यांना सांगितले. अशा याद्या इतिहास शिकण्यासाठी चांगल्या असतात; विचार करायला लागण्यासाठी त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

‘ही यादी कधी केलीत?’ असे मी विचारले. उत्तर आले, ‘बाबा गेल्यानंतर.’ वडिलांचा आजार बरा होणारा नाही, हे घरातील सगळ्यांना ठाऊक होते. वडिलांना ते सांगायचे नाही, असे सर्वांनी ठरवले होते आणि बाई त्या निर्णयात सामील होत्या. झोप, भूक, कामावरचे लक्ष यांची मी नीट विचारपूस केली. दुःख होते, पण दैनंदिन जीवन चालू होते. तसे नसते, तर मी ग्रंथ बाजूला ठेवून आधी त्या दुःखाकडे वळलो असतो आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. शोकावर वाचनाचा उतारा चालत नाही.

आता आरंभबिंदू उघड होता. ‘जगाकडे कसे पाहावे?’ हा प्रश्न कोणालाही हतबल करील. ‘मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसापासून सत्य दडवणे योग्य आहे का?’ या प्रश्नाला हात घालता येतो. मी यादी मिटायला सांगितली आणि दोनच छोटे मजकूर सुचवले. पहिला कांटचा १७९७ सालचा निबंध: मित्राचा जीव घ्यायला निघालेला माणूस दारात येऊन ‘तो घरात आहे का?’ असे विचारत असला तरी खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही, अशी टोकाची भूमिका तो घेतो. दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या उपयुक्ततावादावरील, म्हणजे ज्याने जास्तीत जास्त सुख साधते ते योग्य या मतावरील, पुस्तकाचा दुसरा भाग. खरे बोलण्याच्या नियमाला अपवाद असतात हे सांगताना मिलने जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत गंभीर आजारी माणसाला वाईट बातमी न सांगणे हे एक आहे. बाईंचा प्रश्न तिथे जवळजवळ शब्दशः लिहून ठेवलेला आहे.

अट एकच घातली: उतारा उतरवायचा नाही. आपल्या परंपरेत शास्त्रकार आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे आणि तेही त्याच्या बळकट रूपात, मग त्याला उत्तर देतात. तसेच करायचे होते, पुस्तक मिटून आणि स्वतःच्या शब्दांत. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काला वाहिलेल्या प्राचीन भारतीय दर्शनात, सत्य शोधण्यासाठी होणाऱ्या वादाला जल्प आणि वितंडा यांच्यापासून वेगळे काढले आहे; जल्पात जिंकणे हाच हेतू असतो आणि वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा फक्त पाडायचा असतो. (समाजमाध्यमांवरील चर्चा कोणत्या वर्गात मोडतात, हे सांगायला नको.)

पूर्वपक्ष लिहिताना त्या पहिल्यांदा अडखळल्या. कांटचा कटाक्ष जे बोलणे टाळता येत नाही त्यातील सत्यावर आहे, हे वाचताना त्यांच्या नजरेतून निसटले होते. त्यांनी लिहिले, ‘न विचारलेले न सांगणे आणि विचारल्यावर दुसरेच सांगणे, या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत.’ हे वहीतील त्यांचे पहिले वाक्य. त्याच्याच खाली, वडिलांनी एकदा अहवालाविषयी विचारले होते आणि आपण ‘साधा संसर्ग आहे’ असे म्हणालो होतो, ही नोंद होती. इथे मी त्यांना थोडे थांबवले. भूमिका घडवणे आणि स्वतःवर खटला चालवणे यांत अंतर राखावे लागते, नाहीतर विचार लवकरच शिक्षेची भाषा बोलू लागतो.

मिल वाचल्यावर त्यांनी एक बारकावा टिपला, जो मी स्वतः सहज ओलांडून गेलो असतो. सत्य दडवल्याने कोणावरचे मोठे अरिष्ट टळत असेल, विशेषतः ते स्वतःवरचे नसून दुसऱ्यावरचे असेल, तरच हा अपवाद मिलला मान्य आहे. ‘मग आम्ही त्रास कोणाचा वाचवला? बाबांचा की आमचा?’ असे त्यांनी लिहिले होते आणि समासात या वेळी ‘पटले’ नव्हते.

पुढच्या भेटीत त्यांची भूमिका थोडी बदलली होती, त्याचीही त्यांना खंत वाटत होती. मत बदलले म्हणजे ते आपले नव्हते, ही समजूत फार पसरलेली आहे. विट्गेनश्टाइन या तत्त्वज्ञाने १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील आपल्या गंभीर चुका पुढे स्वतःच मान्य केल्या आणि मृत्यूनंतर १९५३ मध्ये निघालेल्या ग्रंथात वेगळी वाट धरली; ती दोन्ही मते त्याचीच होती, कारण पहिले का सोडले हे त्याला सांगता येत होते. आधीचे वाक्य खोडू नका, त्याखाली बदलाचे कारण लिहा, एवढेच मी सुचवले.

शेवटच्या भेटीपर्यंत घरच्यांचे चुकले की नाही, हे त्यांनी ठरवलेले नव्हते. कोणाही रुग्णाला आपल्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारावे, इथवर त्या आल्या होत्या. त्यावरचा आक्षेपही त्यांनीच लिहिला होता: असे विचारणेच रुग्णाला पुष्कळ काही सांगून जाते. त्याचे उत्तर त्यांना अजून सापडले नव्हते.